बंगाली बोलतो तो परका?

'बांगलादेशी' हा शब्द आपल्या शहरांतून अलीकडे फारच स्वस्त झाला आहे. जानेवारी 2025 मध्ये वांद्र्यास एका प्रसिद्ध अभिनेत्यावर चाकूहल्ला झाला, आरोपी बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी सांगितले, आणि तेव्हापासून सोसायटीच्या सभेत काय, लोकलच्या डब्यात काय, जो तो या विषयातील तज्ज्ञ बनला. गवंडी बंगाली बोलला की संशय. मोलकरीण बंगाली बोलली की तिचे आधारकार्ड खोटे! चहाचा पेला रिकामा होण्याच्या आत निकाल लागतो.

असा निकाल देणाऱ्या आमच्या सुशिक्षित बांधवांनी एकदा नकाशा उघडून मुलचेरा कोठे आहे ते पाहावे, अशी आमची विनंती आहे. गडचिरोली जिल्ह्यातील हा जंगलाने वेढलेला तालुका. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही येथील गावांची नावे ऐकून कोणासही वाटावे की आपण वंगभूमीत आलो. घरात बंगाली, शाळेत व कचेरीत मराठी आणि शेतात भात. ही माणसे रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडून येथे आलेली नाहीत. फाळणीने व नंतरच्या दंगलींनी पूर्व पाकिस्तानातून उखडलेल्या या कुटुंबांस सरकारनेच, साठीच्या दशकात, तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या अरण्यात वसविले. त्या अरण्याचे मूळ धनी जे गोंड आणि माडिया, त्यांना त्या वेळी कोणी विचारले होते काय, हा प्रश्नही विसरण्याजोगा नाही. पण त्याचे उत्तर सरकारने द्यावयाचे आहे, निर्वासितांनी नव्हे. आज तेथे त्यांची तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. तेथील एखादा तरुण उद्या नोकरीसाठी ठाण्यास आला आणि दूरध्वनीवर आईशी बंगालीत बोलला, तर त्याने काय करावे? खिशात आजोबांचा निर्वासित दाखला घेऊन हिंडावे?

ही केवळ कल्पना आहे असे कोणी समजू नये. जून 2025 मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या काही बंगाली मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते पश्चिम बंगालचे रहिवासी, भारतीय नागरिक निघाले; तेथील सरकारने धावपळ केली म्हणून परत आले. त्याच पावसाळ्यात दिल्ली पोलिसांच्या एका पत्रात चक्क 'बांगलादेशी भाषा' असा उल्लेख झळकला. ज्या भाषेत आपले राष्ट्रगीत रचले गेले तिला परकी ठरविण्यापर्यंत मजल गेली!

बेकायदा घुसखोरी हा गुन्हा आहे आणि तिला आळा घालण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु नागरिकत्व पुराव्याने ठरते, उच्चाराने नव्हे. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने नव्या एच-1बी अर्जावर एक लाख डॉलरांचे शुल्क लादले, तेव्हा याच दिवाणखान्यांतून केवढा आक्रोश उठला! आपल्या मुलांकडे तेथे कोणी 'परके' म्हणून बोट दाखविले की आपणांस झोंबते. ते झोंबणे रास्तच आहे. मग मुलचेऱ्याच्या माणसास ते झोंबत नसेल काय?

त्याची खरी तक्रार तर याहून जुनी आहे आणि ती शहरात कोणाच्या कानीही पडत नाही. या वसाहतींतील पुष्कळ कुटुंबे नमशूद्र समाजाची. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्राच्या यादीत त्याचे नाव नाही. संविधानाच्या 341 व्या कलमाप्रमाणे ही यादी राज्यागणिक वेगळी आणि तीत बदल करण्याचा अधिकार एकट्या संसदेस. म्हणजे फाळणीने ज्याचे घर नेले, त्याची सवलत सरकारने दाखविलेल्या गाडीत बसताच गेली! बंगालमध्येच राहिलेल्या भावाच्या मुलास शिष्यवृत्ती आणि राखीव जागा; सरकारी आज्ञेने मुलचेऱ्यास आलेल्याच्या नातवास मात्र नुसते अर्ज. निवडणूक आली की पुढारी या गावांतून बंगालीत दोन वाक्ये बोलतात, आश्वासन देतात आणि मोटारीत बसून निघून जातात.

राज्य सरकारने या समाजाच्या समावेशाची शिफारस दिल्लीस ठामपणे करावी आणि विदर्भाच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, ती संसदेत लावून धरावी. तोवर, निदान गृहखात्याने आपल्या प्रत्येक ठाण्यास एवढे तरी लेखी कळवावे, की गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत बंगाली ही मातृभाषा असलेले महाराष्ट्राचे नागरिक राहतात.