चौसष्ट केबीची इज्जत

"ते ओरिजिनल टिंगटिंग काय ऐकतोस रे? ऑर्केस्ट्रावालं ऐक, कसलं भारी वाजवलंय!" हा सल्ला दर दोन-तीन महिन्यांनी मला कुणीतरी फुकटात देतं. विषय ठरलेला, 'फायनल फँटसी ६'चं संगीत. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर भांडून झालं. आता विकांत आहे, सविस्तर भांडतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जपानच्या स्क्वेअर कंपनीचा हा रोल-प्लेइंग गेम एप्रिल १९९४ मध्ये सुपर फॅमिकॉमवर आला. संगीतकार नोबुओ उएमात्सु, बरंचसं स्वतःच शिकलेला माणूस. आता माझा मुद्दा. हे मूळ संगीत म्हणजे पुढे कधीतरी ऑर्केस्ट्राने फेअर करायचा कच्चा खर्डा नव्हे. ते पूर्ण झालेलं काम आहे.

आधी हार्डवेअर बघू (सवय, दुसरं काय!). त्या यंत्रातली साउंड चिप सोनीच्या केन कुतारागींनी डिझाइन केलेली. हेच पुढे प्लेस्टेशनचे जनक. चिपला आठ चॅनल आणि मेमरी ६४ केबी. एमबी नाही, केबी! वाद्यांचे नमुने, सुरावटींचा डेटा आणि ते वाजवणारा प्रोग्रॅम, सगळं त्यातच. आवाजाला जरा घुमारा हवा? तोही त्याच ६४ केबीतून, दर १६ मिलिसेकंदांना २ केबी. म्हणजे घुमारा वाढवायचा तर एखाद्या वाद्यावर पाणी सोडा. शिवाय तलवारींचा खणखणाटही ह्याच आठ चॅनलांतून. इतक्या जागेत भरताड चालतच नाही. चाल दमदार नसेल तर लपायला जागा नाही.

आपल्याकडे ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला. त्याला कुणी 'मैफिलीचा डेमो' म्हणतं का? मग इथेच का?

आता तो प्रसिद्ध ऑपेराचा प्रसंग घ्या. सेलेस ही गायिका नाहीच, ती सेनापती आहे. खऱ्या गायिकेचं, मारियाचं अपहरण होणार म्हणून तिच्याजागी हिला उभं केलंय. ओळी पाठ करून ती स्टेजवर जाते आणि पुढची ओळ कुठली हे खेळणाऱ्याला निवडावं लागतं. शब्द पडद्यावर, आणि 'आवाज' म्हणजे चिपमधून येणारा, शब्द नसलेला एक सूर. गाणं पूर्ण कुठे होतं? तुमच्या डोक्यात. ती घाबरलेली, तुम्ही घाबरलेले. तिथे कसलेली सोप्रानो आणून उभी केली की गाणं सुंदर होतं, मान्य. पण मग ती सेलेस राहत नाही, मारिया होते!

शेवटच्या लढाईचं 'डान्सिंग मॅड'ही तसंच. चार भाग, साउंडट्रॅकच्या सीडीवर सतरा मिनिटांहून जास्त. पण गेममध्ये ते किती वेळ चालेल हे संगीतकाराच्या हातात नाही. तुम्ही एक टप्पा जिंकेपर्यंत तो भाग फिरत राहतो, जिंकलात की पुढचा. ही सुरावट तुमची वाट बघते. मैफिलीत ती कुणाचीच वाट बघत नाही, ठरल्या वेळी संपते आणि लोक टाळ्या वाजवतात.

आणि अर्ध्या गेमनंतर जग उद्ध्वस्त होतं तेव्हा? नकाशावर 'डार्क वर्ल्ड' वाजत राहतं, उदास आणि रिकामं. मग कितीतरी वेळाने दुसरं विमान मिळतं आणि नकाशावरची धून बदलते. 'सर्चिंग फॉर फ्रेंड्स'. त्या क्षणी जे होतं ते नुसत्या त्या धुनेमुळे नाही, आधीचे ते उजाड तास सोसलेत म्हणून होतं. हे तिकीट काढून खुर्चीत बसणाऱ्याला कसं मिळणार?

इथे हमखास येणारा युक्तिवाद: "त्यांच्याकडे तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता, नाहीतर ऑर्केस्ट्राच घेतला असता." साफ चूक. त्याच वर्षी, १९९४ मध्येच, 'ग्रँड फिनाले' नावाचा अल्बम निघाला. मिलानचा ऑर्केस्ट्रा, ऑपेरातलं गाणं चक्क इटालियनमध्ये. म्हणजे पहिल्यापासूनच दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक गेमसाठी, एक दिवाणखान्यासाठी. आणि ऐका, तो अल्बम मलाही आवडतो. भांडण ऑर्केस्ट्राशी नाहीच.

भांडण आहे ते इज्जतीच्या ह्या कल्पनेशी. व्हायोलिनवाले काळे कोट घालून बसले की ते संगीत, आणि चिपमधून आलं की टिंगटिंग! २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाला गेम्सचं संगीत वाजलं, त्यात फायनल फँटसीही होतं. अभिमान वाटला. पण तिथेही ऑर्केस्ट्राचाच वेष!

ह्याने प्रत्यक्ष नुकसानही होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पीसी आणि मोबाइलवर 'पिक्सेल रीमास्टर' आला, तेव्हा त्यात नवी अरेंजमेंट होती आणि मूळ संगीताचा पर्यायच नव्हता. तो बदलायचा स्विच २०२३ मध्ये कन्सोलवरच्या आवृत्तीबरोबर आला. नवी अरेंजमेंट उएमात्सुंच्याच देखरेखीखाली झाली, हे खरं. मग काय झालं? कवीने कविता पुन्हा लिहिली म्हणून कुणी पहिलं पुस्तक रद्दीत घालत नाही.

मागणी एवढीच आहे. जुना गेम पुन्हा विकताय ना? मग मूळ आवाज पहिल्या दिवसापासून द्या. नवीन हवं तेवढं वाजवा, शंभर व्हायोलिन आणा. पण आज पहिल्यांदा खेळणाऱ्या पोराला ते ६४ केबी ऐकायला मिळाले पाहिजेत. ऐकून त्याने ठरवावं, टिंगटिंग आहे की संगीत. कंपनीने त्याच्या वतीने ठरवू नये.