लेप दिसत नाही, म्हणून नोंद हवी

महाराष्ट्रात रोज कुणाच्या तरी नडगीत रॉड बसतो, कुणाचा खुबा बदलला जातो, कुणाच्या जबड्यात दातासाठी स्क्रू घट्ट केला जातो. यातले बरेचसे इम्प्लांट टायटॅनियमचे असतात आणि त्यांतल्या अनेकांवर हाड लवकर धरावे म्हणून एक पातळ लेप असतो. इम्प्लांट किती वर्षे टिकेल यात या लेपाचा वाटा मोठा, तरी रुग्णाला त्याबद्दल सहसा काहीच सांगितले जात नाही. पुढे त्याचे काय झाले याची सक्तीची नोंदही आपल्याकडे कुठे होत नाही. राज्याने अशी नोंदवही कायद्याने सुरू करावी, एवढीच माझी मागणी आहे. तिची कारणे अशी.

१. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. त्यामुळे तो गंजत नाही आणि शरीर त्याला सहसा विरोध करत नाही. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर निघेना, कारण हाड त्याला घट्ट धरून बसले होते. १९६५ साली त्यांनी याच गुणाच्या जोरावर पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. पण नुसत्या धातूला हाड धरायला काही महिने लागू शकतात आणि तोवर इम्प्लांट हलता कामा नये. ते हलत राहिले तर मध्ये हाडाऐवजी मऊ, तंतुमय थर तयार होतो. मग सांधा सैल पडतो आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

हा नाजूक काळ कमी करण्यासाठी जैवसक्रिय लेप आले. त्यांतला सर्वांत रुळलेला लेप हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचा. आपल्या हाडात जे खनिज असते त्याच्याच जातीचे हे कॅल्शियम फॉस्फेट. लंडनमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये असा लेप दिलेला खुब्याचा दांडा रुग्णांना बसवायला सुरुवात केली. त्याआधी १९६९ मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाला थेट चिकटणारी काच तयार केली होती. संशोधन म्हणून दोन्ही गोष्टी थोर आहेत आणि त्यांच्यामुळे असंख्य माणसे पुन्हा आपल्या पायांवर चालली. माझी तक्रार लेपाबद्दल नाही.

२. लेपाचा चांगला-वाईटपणा डोळ्यांनी कळत नाही. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटची भुकटी प्लाझ्माच्या झोतातून धातूवर मारतात. त्या झोताचे तापमान १०,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. कण अर्धवट वितळून धातूवर आदळतात आणि क्षणात थिजतात. या घाईत काही भाग स्फटिकरूप राहत नाही आणि असा भाग शरीरात लवकर विरघळतो. लेप फार पातळ असेल तर हाड धरण्याआधीच निघून जाईल आणि फार जाड असेल तर त्याचे पापुद्रे सुटतील. म्हणून जाडी साधारण ५० ते १५० मायक्रॉन ठेवतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण १.६७ च्या जवळ हवे. लेप धातूवरून ओढून काढायला किती जोर लागतो याची आंतरराष्ट्रीय मानकाने किमान मर्यादा ठरवली आहे, १५ मेगापास्कल. हे सगळे कारखान्यात, प्रत्येक बॅचचे नमुने घेऊन तपासावे लागते. ऑपरेशन थिएटरमध्ये पाकीट फोडणाऱ्या सर्जनला फक्त पांढुरका, खरखरीत पृष्ठभाग दिसतो. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी त्याला त्या क्षणी कागदावर आणि कंपनीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

३. पृष्ठभागावरची छोटी चूक किती महाग पडते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. टेक्सासमधल्या सुल्झर ऑर्थोपेडिक्स कंपनीने डिसेंबर २००० मध्ये खुब्याच्या वाट्या बाजारातून परत मागवल्या. यंत्रावर वापरलेल्या तेलाचा अंश वाटीच्या पृष्ठभागावर राहून गेला होता आणि हाड त्याला धरेना. हजारो माणसांच्या खुब्यात त्या वाट्या आधीच बसल्या होत्या. पुढे भरपाईची तडजोड सुमारे १ अब्ज डॉलरची झाली. धातू योग्य होता, आराखडा योग्य होता. चूक फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या तेलाची होती.

४. प्रयोगशाळेत जे शोभते ते माणसात टिकतेच असे नाही, आणि ते कळायला बरीच वर्षे जातात. लेपामुळे हाड लवकर धरते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसले होते. त्यामुळे लेप दिलेली वाटी साध्या वाटीपेक्षा जास्त टिकेल, असे गृहीत धरणे सोपे होते. स्वीडनकडे मात्र १९७९ पासूनची खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही होती. त्या नोंदींवरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचा लेप असलेल्या वाट्या बदलण्याची वेळ जास्त वेळा आली होती. एका प्रचलित दांड्याबाबत पुढे झालेल्या अभ्यासात लेपाचा फायदाही दिसला नाही आणि तोटाही नाही. दांडा दोन्ही प्रकारांत उत्तम टिकला.

या निष्कर्षाकडे जरा थांबून पाहायला हवे. लेप वाईट आहे, असा त्याचा अर्थ नाही. कुठल्या भागावर, कुठल्या आराखड्यावर, कुठल्या जाडीचा लेप उपयोगी पडतो, हे हजारो रुग्णांची दहा-पंधरा वर्षे मोजदाद केल्याशिवाय कळत नाही, असा आहे. एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या रुग्णालयाला हे दिसूच शकत नाही. रुग्ण दुसऱ्या गावी जातो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, वारतो. कंपनीला ते शोधण्यात फारसा रस नसतो. ही मोजदाद समाजालाच करावी लागते, जशी जनगणना समाज करतो.

५. नोंद नसली की काय होते, हे आपण अनुभवले आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्यातला दोष लेपाचा नव्हता. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण शरीरात जात होते. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्या आकड्यांनी धोक्याची सूचना आधीच दिली होती आणि तिथे हा सांधा २००९ च्या अखेरीसच मागे घेतला गेला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाचा पाठपुरावा केला, मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली, हे आपल्या प्रशासनाच्या बाजूने आवर्जून सांगायला हवे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. २०१८ मध्ये ३० लाखांपासून सुमारे १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरले, पण ज्यांचा पत्ताच कुणाकडे नाही त्यांच्यापर्यंत ते पोचणार कसे? त्या माणसांपैकी कित्येकांना आपल्या दुखण्याचे कारण अजूनही माहीत नसेल. मला ही गोष्ट सहन होत नाही.

६. आपल्याकडचा नियम आणि इम्प्लांटचे आयुष्य यांचा मेळच बसत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायचे. लेप टिकला की नाही हे त्यानंतर कितीतरी वर्षांनी कळते. २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांच्या तक्रारी गोळा करणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तो चांगला आहे, पण तिथे फक्त बिघाड पोचतात, तेही कुणी कळवले तर. एखाद्या इम्प्लांटच्या पन्नास तक्रारी आल्या, तर ते इम्प्लांट दोनशे जणांना बसवले होते की वीस हजार, हे ठाऊक असल्याशिवाय त्या पन्नासला अर्थ नाही. इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्स या संघटनेने स्वतःहून नोंदवही चालवली आहे. त्या डॉक्टरांचे कौतुकच आहे. पण ऐच्छिक नोंदवहीत जो काळजीपूर्वक काम करतो तोच लिहितो.

७. स्वीडनचे किंवा ऑस्ट्रेलियाचे आकडे उसने घेऊन आपले भागणार नाही. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भाच्या मोठ्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. या आजारात रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळेनासे होते. गोळा मरतो, खचतो. विशी-तिशीतल्या मुलामुलींना लंगडत चालावे लागते आणि शेवटी खुबा बदलण्याची वेळ येते. एवढ्या तरुण रुग्णाला बहुतेकदा सिमेंटशिवायचा सांधा बसवतात, म्हणजे सगळी मदार पृष्ठभागावर आणि लेपावर. त्याच वेळी या रुग्णांचे हाड आतून काही ठिकाणी मृत, काही ठिकाणी कठीण झालेले असते आणि जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त. पंचविशीत बसवलेला सांधा आयुष्यभर पुरणे अवघड. दुसरा, कदाचित तिसराही लागेल. पहिला किती वर्षे जातो, कुठल्या पृष्ठभागाचा जास्त जातो, हे कळणे कोरचीच्या किंवा धडगावच्या मुलीसाठी तिच्या उरलेल्या आयुष्याचा प्रश्न आहे. युरोपच्या नोंदवहीत तिच्यासारखे रुग्ण तुरळकच असणार.

तसेच चंद्रपूर-यवतमाळकडचे. तिथल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि वर्षानुवर्षे ते पाणी पिऊन हाडांची घडणच बदलते. फ्लोराइड हाडाच्या खनिजात शिरते, आणि लेपही त्याच खनिजाच्या जातीचा. अशा हाडात लेप कसा वागतो, हा प्रश्न इथल्याच आकड्यांनी सुटेल. शिवाय आपली मांडी घालून बसण्याची, उकिडवे बसण्याची सवय आहे, मधुमेह आहे, शेतातली ओझी आहेत. या साऱ्याचा भार शेवटी त्याच पातळ थरावर येतो.

८. पुढे येणारे लेप आणखी गुंतागुंतीचे आहेत. युरोपात नडगीच्या रॉडवर जेंटामायसिनचा लेप वापरात आला. चांदीचे लेप आहेत, जपानमध्ये कानाझावा विद्यापीठात आयोडीनचे लेप दिलेले इम्प्लांट रुग्णांना बसवले गेले. उघड्या जखमेसह हाड मोडलेले अपघातग्रस्त आपल्या सरकारी रुग्णालयांत रोज येतात आणि त्यांना जंतुसंसर्ग टाळणारा रॉड मिळाला तर पाय वाचतील. मला हे तंत्र इथे यायला हवे आहे. पण हाडात ठेवलेले प्रतिजैविक म्हणजे औषधही आणि उपकरणही. त्याने जंतू निर्ढावतात का, हे पाहणारी व्यवस्था ते तंत्र येण्याआधी उभी असली पाहिजे.

९. किंमत ठरवून प्रश्न संपत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आणली. कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा ५४,७२० रुपयांवर आला, टायटॅनियमसारख्या खास धातूचा ७६,६०० वर. हजारो कुटुंबांचे कर्ज वाचले. मात्र किंमत ठरवताना टिकाऊपणाचा पुरावा मोजला गेला नाही, कारण मोजायला काही नव्हतेच. ब्रिटनमध्ये खुब्याचे इम्प्लांट १० वर्षांत शंभरातल्या पाचांहून अधिक रुग्णांत बदलावे लागता कामा नये, असा निकष आहे. आपल्या सरकारी खरेदीत असा निकष लावायचा तर आधी आकडे हवेत. तोवर महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने निविदेत एवढे तरी मागावे: प्रत्येक बॅचची जाडी, चिकटण्याची ताकद आणि स्फटिकांचे प्रमाण सांगणारा चाचणी अहवाल. चांगले काम करणाऱ्या देशी उत्पादकांना याचा फायदाच होईल. आयात मालाशी बरोबरी सिद्ध करायला त्यांच्याकडे आज साधनच नाही.

१०. हरकती मला ठाऊक आहेत. डॉक्टर म्हणतील, आधीच कागद फार. पण नोंद दोन मिनिटांची आहे, कारण इम्प्लांटच्या पाकिटात बॅच क्रमांकाचे स्टिकर असते आणि ते केसपेपरवर चिकटवलेही जाते. आपल्या नावावर अपयशाचा शिक्का बसेल, अशी भीतीही काहींना वाटेल. त्यासाठी पहिली काही वर्षे फक्त इम्प्लांटचे आकडे प्रसिद्ध करावेत, डॉक्टरांचे नाहीत. खर्चाचे म्हणाल, तर इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीचा खर्च सुरुवातीला विकल्या जाणाऱ्या इम्प्लांटवर छोटी आकारणी करून भागवला गेला. रुग्णाच्या खासगीपणाची हरकत मात्र रास्त आहे. नाव आणि क्रमांक वेगळे ठेवावेत आणि विमा कंपन्यांना ही नोंदवही उघडता येऊ नये, अशी तरतूद कायद्यातच हवी.

११. सुरुवात लगेच करता येईल अशी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालये दाव्याची कागदपत्रे ऑनलाइन भरतातच. ज्या दाव्यात इम्प्लांट आहे, त्यात उत्पादक, आराखडा, लेपाचा प्रकार आणि बॅच क्रमांक हे चार रकाने भरल्याशिवाय पैसे मंजूर होऊ नयेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना हाच नियम लावावा आणि वर्षभरात खासगी रुग्णालयांना. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत प्रत्येक उपकरणावर स्वतंत्र ओळख क्रमांक असावा अशी तरतूद आहे, तिची अंमलबजावणी मात्र पुढे ढकलली गेली. ती मार्गी लावण्यासाठी राज्याने पाठपुरावा करावा, पण तिची वाट पाहत थांबू नये. इम्प्लांटच्या नोंदी ३ वर्षांनी नष्ट न करता रुग्णाच्या हयातभर ठेवाव्यात. आणि प्रत्येक रुग्णाला डिस्चार्ज कार्डाबरोबर मराठीत छापलेले इम्प्लांट कार्ड मिळावे, त्यावर मूळ स्टिकरची प्रत असावी. ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे, त्यांनी आपल्या रुग्णालयाकडे त्या स्टिकरची प्रत लेखी अर्ज करून मागावी. कागद नष्ट होण्याआधी, याच महिन्यात.