‘औषध नाही’ याची नोंद कुठे होते?

सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर “हे औषध नाही, बाहेरून घ्या” असे ऐकले की आपण चिठ्ठी घेऊन मेडिकलची वाट धरतो. आपल्यापुरता प्रश्न सुटतो. पण पुढच्या वर्षीची टंचाई अनेकदा इथूनच सुरू होते.

ती कशी? समजा, एका दवाखान्याला एका गोळीचे महिन्याला १,००० नग लागतात. तीन महिने पुरवठाच झाला नाही. वर्षाअखेरीस नोंदवहीत खप दिसतो ९,०००. त्यावरूनच पुढची मागणी केली, तर वर्षाला लागणाऱ्या १२,००० गोळ्यांत ३,००० कमी पडणारच. रिकाम्या हाताने परतलेले रुग्ण हिशेबात आलेच नाहीत. म्हणून खप मोजताना औषध उपलब्ध नसलेले महिने वगळून सरासरी काढावी लागते: ९,००० भागिले १२ नव्हे, भागिले ९.

आपल्या गोंदियात ही बाब किरकोळ नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिले आहे, त्यांना ते रोज घ्यावे लागते. खंड पडला की वेदनांचे झटके पुन्हा वाढू शकतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या आईला मुलासाठी गोंदियाच्या कुंवर तिलकसिंह रुग्णालयापर्यंत यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. शिवाय पावसाळ्यात हिवताप वाढतो, म्हणून वर्षाच्या मागणीचे बारा सारखे भाग करूनही चालत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. ज्या औषधांवाचून जीव जाऊ शकतो त्यांची यादी वेगळी ठेवावी आणि साठा ठरावीक पातळीखाली जाण्याआधीच मागणी पाठवावी. ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यावे. तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिले. कोणी किती औषधे उचलली, गोदामात किती उरली, हे त्यात आणि संगणकावर दिसते. महाराष्ट्रातही ई-औषधी ही संगणक प्रणाली आहे. पण खिडकीवर जे लिहिलेच गेले नाही, ते संगणकाला कुठून कळणार?

भगिनींनो, आपल्या हातातही काही आहे. औषध मिळाले नाही, तर चिठ्ठीवर “उपलब्ध नाही” असे तारखेसह लिहून द्यायला नम्रपणे सांगा. औषधनिर्माण अधिकाऱ्याशी भांडू नका. साठा त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. अशा पाच-दहा चिठ्ठ्या जमल्या की रुग्ण कल्याण समितीसमोर ठेवा. नुसत्या तक्रारीपेक्षा तारखेची चिठ्ठी जास्त बोलते.

आणि रोजचे औषध संपायच्या आठ दिवस आधीच दवाखान्यात जा. औषध मिळाले नाही, तर ते मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.