मोबाईल स्टार्टर घ्यायचा? आधी दारं कोण धरणार ते ठरवा

कांद्याची, गव्हाची भरणी सुरू झाली की मोटार रिवायंडिंगच्या दुकानात एकच विषय निघतो. अमक्याने मोबाईल स्टार्टर बसवला, घरून फोन लावला की मोटार चालू. आपण पण बसवावा का?

प्रश्न उगाच पडलेला नाही. कृषी फीडरला थ्री फेज लाईट पाळीने मिळते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ ते दहा तास. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा बिबट्याचा पट्टा. रात्री दीड वाजता बॅटरी घेऊन उसातून विहिरीवर जायचं म्हणजे घरचे लोक जागेच राहतात. साप आणि ओल्या पेटीचा शॉक हे वेगळंच. त्यामुळे तीन-चार हजारापासून दहा हजारापर्यंतचा डबा कुणाला महाग वाटत नाही.

पण हिशोब नीट करायला हवा. मोबाईल स्टार्टर मोटार चालू करतो, दारं धरत नाही. पाटपाण्यावर ऊस किंवा कांदा भरायचा असेल तर वाफा भरला की दारं मोडायला माणूस लागणारच. मग तो माणूस जाता जाता बटण दाबू शकतो. ज्याच्याकडे ठिबक आहे, किंवा विहिरीतून शेततळ्यात पाणी टाकायचं आहे, त्याचा मात्र रात्रीचा फेरा खरोखर वाचतो. ठिबकलाही व्हॉल्व्ह बदलायला जावं लागतं, पण एक प्लॉट रात्री चालवून दुसरा सकाळी लावता येतो.

दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे ऑटो. लाईट आली की मोटार आपोआप चालू. गावात निम्म्या पेट्यांत तो असतोच, आणि महावितरण दरवर्षी तो काढा म्हणून सांगतं. त्यात तथ्य आहे. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या पंधरा-वीस मोटारी एकाच क्षणी उठल्या तर फ्यूज जातो, नाहीतर डीपीच जळते. मग नवी डीपी येईपर्यंत सगळ्यांचंच पीक सुकतं. मोबाईल स्टार्टर ऑटो मोडवर टाकून झोपणाराही हेच करतो, फक्त जास्त पैसे घालून.

यावर उपाय साधा आहे. वेळ लावून चालू होण्याची सोय, म्हणजे डिले, बऱ्याच मोबाईल स्टार्टरमध्ये असते आणि साध्या टायमरनेही होते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून ठरवावं, पहिल्याची दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार मिनिटांनी. सोबत प्रत्येक मोटारीला कपॅसिटर. काही शे रुपयांची वस्तू, पण ती कुणी लावत नाही. बसून ठरवणं हे काम डबा घेण्यापेक्षा अवघड, हेही खरं.

एक फेज गेल्यावर मोटार जळू नये आणि विहिरीचं पाणी तुटल्यावर ती कोरडी चालू नये, ही दोन कामं मोबाईल स्टार्टर करतो म्हणून विकला जातो. ती कामं करणारी साधी उपकरणं वेगळी, कमी पैशात मिळतात. घर विहिरीपासून हाकेच्या अंतरावर असेल तर तेवढं पुरे. घरच्या टाकीचंही तसंच. ती भरल्यावर पाणी बंद व्हायला फ्लोट व्हॉल्व्ह आहे, त्याला ना वायफाय लागतं ना ॲप.

फुकट लाईटीचाही यात हात आहे. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल शासन भरतं. पाच एचपीची मोटार तासाला जवळपास चार युनिट खाते, पण खिशातून काही जात नाही म्हणून घरून चालू केलेली मोटार बंद करायचं लक्षात राहत नाही. पाणी शेजाऱ्याच्या बांधावर गेलं की सकाळी भांडण.

ज्यांचा सौर पंपाचा अर्ज मंजुरीत आहे त्यांनी थांबावं. सौर पंप दिवसाच चालतो, रात्रीचा फेरा राहतच नाही.

आणि घ्यायचाच असेल तर आधी विहिरीवर उभं राहून रेंज बघा. जुने डबे टूजीवर चालतात, त्यात जिओचं सिम चालत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं तर त्याचा वर्षाचा रिचार्ज वेगळा. तो संपला की ऐन रात्री फोन लागत नाही, आणि बॅटरी घेऊन पुन्हा उसातूनच जावं लागतं.