'स्वतःसारखी' या शब्दाचा आम्हांस पडलेला विसर

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृहविलगीकरणात पाठविलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला जाऊ लागला. तो काही दिवसांत पुसला गेला. आमच्या मनांवर आम्हीच मारून घेतलेला दुसरा शिक्का मात्र आजही कायम आहे. 'आजार घरात मीच आणला', 'बंद खोलीत माझ्याने साधी जपमाळही पुरी झाली नाही' असे स्वतःला बजावत जगणारी माणसे आमच्या धर्मग्रामांत आहेत.

त्यांच्या दुःखात भर घालण्याचे काम काही अंशी आम्हीच केले. विलगीकरण म्हणजे देवाने दिलेली रिट्रीट होय, असे त्या वर्षी आम्ही उत्साहाने सांगत सुटलो. 'क्वारंटाईन' हा शब्द चाळीस या संख्येवरून आला आणि टाळेबंदी प्रायश्चित्तकाळातच सुरू झाली; तेव्हा ही जुळणी आम्हांस फारच भावली. पण रिट्रीटला माणूस स्वेच्छेने जातो व ठरल्या दिवशी परततो. दाराबाहेर ठेवलेले ताट उचलून घेणाऱ्या आणि रात्री आपलाच श्वास मोजत पडणाऱ्या रुग्णाने ते दिवस निवडले नव्हते. त्याच्याकडून तपस्व्याच्या शांतीची अपेक्षा करणे ही धार्मिकता नव्हे, निष्ठुरता होय.

पवित्र शास्त्र याहून दयाळू आहे. खचलेला एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपी गेला. देवदूताने त्याच्या अल्पविश्वासाबद्दल त्याला खडसावले नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवले, त्याला पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा जेवू घातले. होरेबपर्यंतचे चाळीस दिवस त्यानंतर आले. आम्ही चाळीस दिवसांविषयी बोललो आणि त्याआधीची झोप व भाकर विसरलो.

ख्रिस्तसभाही याहून दयाळू आहे. मार्च २०२० मध्येच व्हॅटिकनने रुग्णांना व विलगीकरणातील भाविकांना पूर्ण दंडमाफी देऊ केली. मिस्सा वा जपमाळ यांत मनाने सहभागी व्हावे. तेही न जमल्यास विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना व पवित्र मरियेचा धावा एवढेही पुरे, असे त्या आदेशाचे स्वरूप होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तर तेराव्या शतकातच दुःखावरील उपायांत अश्रू, मित्रांची सहानुभूती, झोप आणि स्नान यांची गणना केली आहे. थकलेल्या देहामनाची काळजी घेणे हे आधुनिक काळाचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

यावर आक्षेप घेतला जाईल की, अशाने माणूस स्वतःचे लाड करू लागेल. आम्हांस हे मान्य नाही. लाड करणारा आपली चूक नाकारतो. स्वतःवर दया करणारा ती मान्य करून पुढे पाऊल टाकतो. पाप घडण्यास जाणीव व संमती लागते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. नकळत घरात शिरलेला विषाणू हे पाप कसे ठरेल? कोणाकडून खरोखर हयगय झाली असल्यास त्यासाठी पापनिवेदन आहे, आणि तेथे क्षमा मिळते. स्वतःच स्वतःचा न्यायाधीश झालेल्या माणसाच्या शिक्षेला मात्र मुदत नसते. देव क्षमा करील, पण मी करणार नाही, ही नम्रता नव्हे; तो उलटा अहंकार आहे.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा प्रभूने दिली. तिचा पूर्वार्ध आम्ही व्यासपीठावरून गाजवला आणि 'स्वतःसारखी' हा शब्द गिळून टाकला. तो आता मोठ्याने उच्चारण्याची वेळ आली आहे. पुन्हा कोणावर बंद दाराआड राहण्याची पाळी आली, तर आम्ही त्याला प्रथम विचारावे: जेवलास का? झोप लागली का? रडावेसे वाटते का? गरज असल्यास डॉक्टरांशी बोलतोस का? आणि त्या दाराआड आम्हीच असलो, तर हेच प्रश्न त्याच मृदू स्वरात स्वतःलाही विचारावेत. प्रार्थना त्यानंतर येईल. आणि एखाद्या दिवशी नाहीच आली, तरी एलियाच्या उशाशी भाकर ठेवणारा देव तेथून उठून गेलेला नसेल.