राखीव वही किती मागे आहे?

बँकेतून पैसे काढले, की लगेच मोबाईलवर संदेश येतो. ही नोंद ज्या संगणकात होते तो मुख्य सर्व्हर. तोच बंद पडला तर? म्हणून मोठ्या संस्था दुसरा, राखीव सर्व्हर ठेवतात. मुख्य सर्व्हरवरचा प्रत्येक बदल क्रमाने त्याच्याकडे उतरत जातो.

दुकानातल्या दोन वह्याच समजा ना! एक मुनीम रोजमेळ लिहितो, दुसरा त्याची नक्कल करतो. गिऱ्हाइकांची गर्दी वाढली, की दुसरा मागे पडतो. मालकाने दोन्ही वह्यांच्या शेवटच्या ओळी ताडून पाहिल्याच नाहीत, तर पहिली वही जळाल्यावरच तूट कळणार.

प्रोग्रामर मंडळी आपले काम ‘गिटलॅब’ या संकेतस्थळावर साठवतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथला राखीव सर्व्हर असाच मागे पडला. तो नव्याने भरण्यासाठी त्यावरची जुनी माहिती पुसायची होती. पुसण्याचा आदेश मात्र चुकून मुख्य सर्व्हरवर दिला गेला. एक-दोन सेकंदांत तो थांबवला, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. मग रोजच्या बॅकअपची शोधाशोध झाली. तो होतच नव्हता! बिघाडाची सूचना देणारे ई-मेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली. तरीही सेवा सुमारे १८ तास बंद राहिली आणि मधल्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. सुमारे ७०० नवी खातीही त्यात होती.

म्हणूनच जाणकार तंत्रज्ञ तीन गोष्टी पाहतात. राखीव सर्व्हर किती मागे आहे? ठरावीक वेळाने मुख्य सर्व्हरवर केलेली चाचणीची नोंद त्याच्याकडे पोहोचते का? आणि धोक्याची सूचना खरोखर माणसाच्या हाती पडते का? सूचना आली नाही, म्हणजे सारे ठीक आहे असे नव्हे.

आणखी एक गोष्ट. नक्कल करणारा मुनीम खाडाखोडही इमानाने उतरवतो. मुख्य सर्व्हरवर पुसलेले राखीव सर्व्हरवरही पुसले जाते. त्यामुळे वेगळा बॅकअप हवाच.

घरच्या फोटोंचेही तसेच आहे. फोनशी जोडलेल्या अनेक सेवांमध्ये फोनवर पुसलेला फोटो तिकडूनही जातो. तेव्हा लग्नाचे, बारशाचे फोटो वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि नुसते ठेवू नका, अधूनमधून त्यातला एखादा उघडूनही पाहा.