घरांतील वीज

श्रावण सरत आला कीं पेण व रोहें येथील घराघरांत मखराची सिद्धता सुरू होते आणि विजेच्या माळा बाहेर निघतात. वीज ह्या भागास परकी नाहीं. भिरा येथील जलविद्युतगृह १९२७ सालीं सुरू झालें. तेथून सुटलेलें पाणी कुंडलिकेवाटे रोह्यावरूनच वाहतें. कुंडलिकेच्या पुरास भिणारे आपण घरांतील विजेस मात्र तितके भीत नाहीं.

गतवर्षीं आमच्या एका स्नेह्यांच्या पेणच्या वाड्यांत ओल्या हातानें पंपाचें बटण दाबतांच सूनबाईंस जबर धक्का बसला. दैवानें त्या बचावल्या. पाहतां आढळलें कीं, वायरी आजोबांच्या वेळच्या, व अर्थिंगची तार केव्हांच गंजून तुटलेली!

कित्येकांची समजूत अशी कीं, तपासणी सरकार किंवा नगरपरिषद करीलच. विद्युत निरीक्षक हा राज्य सरकारचा अधिकारी खरा. पण मीटरपुढील वायरी सुस्थितींत राखण्याचा भार ग्राहकावरच असतो. हें काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावें, असाही नियम आहे. एकत्र कुटुंबांत मात्र जें सर्वांचें काम, तें कोणाचेंच नव्हे, असें होतें.

म्हणून आमची विनंती अशी: घरांतील एका कर्त्या माणसानें हा भार आपल्याकडे घ्यावा. गणपतीपूर्वीं अर्थिंग तपासून घ्यावें, आणि ३० मिलिअँपिअर इतकी गळती होतांच प्रवाह तोडणारें आरसीसीबीचें यंत्र बसवावें. एक माळ कमी लाविल्यानें मखराची शोभा उणी होत नाहीं.